लक्ष्मीबाई डोंगरे कोण होत्या? घरच्या कागदांतून आईचा माग कसा काढायचा

घरातल्या जाणत्या माणसाला खापरपणजोबांचं नाव विचारा. बहुतेक घरांत ते मिळतं. कुठल्या गावाहून आले, जमीन किती होती, कुलदैवत कुठलं, हेही मिळतं. आता त्याच माणसाला खापरपणजीचं नाव विचारा. बैठक गप्प होते. कोणीतरी म्हणतं, "तिला सगळे काकूच म्हणायचे." माहेर कुठलं, वडिलांचं नाव काय, किती वर्षं जगली, यातलं काहीच हाताशी नसतं.

सीमाभागातल्या मराठी घरांत ही अडचण दुप्पट आहे. जुने कागद मोडीत, मधले बाळबोधीत, आजचे कन्नडमध्ये. गोव्यात पोर्तुगीज, हैदराबादकडे फारसी-उर्दू. बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, वाचणारे कमी होत चाललेत आणि ज्यांना तोंडी माहिती होती त्या आज्याही एकेक करून जात आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या बाईचा माग कागदांतून काढता येतो का? येतो, पण पुरुषाचा काढतात त्या पद्धतीने नाही. बाईचं नाव मुख्य नोंदीत क्वचित सापडतं. ते कडेच्या जागी असतं: अर्पणपत्रिकेत, भांड्यावर, श्राद्धाच्या संकल्पात, दुसऱ्याच कोणाच्या तरी तक्रारीत. हे कसं होतं ते एका खऱ्या उदाहरणावरून बघू. उदाहरण कर्नाटकातल्याच एका मराठी घरातलं आहे. बाईंचं नाव लक्ष्मीबाई डोंगरे, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आई.

एकाच पुस्तकात तीन ठिकाणी

रमाबाई सगळ्यांना माहीत आहेत. १८५८ चा जन्म, कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढे केडगावचं मुक्ती मिशन, १९२२ मध्ये निधन. ज्या बाईंनी त्यांना संस्कृत शिकवलं, त्यांचं नाव मात्र फार थोड्यांना सांगता येईल.

१८८७ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला रमाबाईंचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक निघालं. त्यात लक्ष्मीबाई तीन ठिकाणी आहेत, आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या रूपात.

पहिली जागा अर्पणपत्रिका. इथे पूर्ण नाव आहे. आपल्या आयुष्याला उजेड आणि दिशा आईच्या शिकवण्यामुळे मिळाली, अशा अर्थाचं रमाबाईंनी तिथे लिहिलं आहे. नाव आहे, पण हकीकत नाही.

दुसरी जागा पुस्तकाच्या आत, लग्नाच्या चालीरीती सांगताना. तीर्थयात्रेला निघालेला एक ब्राह्मण कुटुंबासह गोदावरीकाठी मुक्कामाला असतो. सोबत दोन मुली, एक नऊ वर्षांची, दुसरी सात. सकाळी नदीवर स्नानाला आलेला एक परका विद्वान त्याला दिसतो. विचारपूस होते, तो विधुर आहे असं कळतं, आणि तासाभरात थोरल्या मुलीची सोयरीक ठरते. दुसऱ्या दिवशी लग्न. त्याच्या पुढच्या दिवशी बाप उरलेलं कुटुंब घेऊन आपल्या वाटेने निघून जातो. मुलगी सुदैवाने चांगल्या माणसाच्या हाती पडली, पण बापाने चौकशीही न करता तिला देऊन टाकलं हे चूकच, असं रमाबाई स्पष्ट लिहितात. इथे हकीकत आहे, पण नाव एकाचंही नाही.

तिसरी जागा प्रस्तावना. ती लिहिली रेचेल बॉडली यांनी. आनंदीबाई जोशी ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या त्याच्या त्या डीन होत्या. त्यांनी रमाबाईंच्या घराण्याची कथा सांगितली, आणि तिथे कळतं की तो विद्वान म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे आणि ती नऊ वर्षांची मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई.

म्हणजे नाव एका पानावर, लग्न दुसऱ्या पानावर आणि दोघांना जोडणारी गाठ तिसऱ्या पानावर. नुसती अर्पणपत्रिका वाचणारा पुढे गेला असता. नुसतं प्रकरण वाचणाऱ्याला वाटलं असतं की ही कुठल्यातरी अनोळखी मुलीची गोष्ट आहे. घरच्या कागदांचंही असंच असतं. एका कागदावर काही मिळालं नाही म्हणून सोडून द्यायचं नाही. तीन कागद शेजारी ठेवले की नाव आणि हकीकत जुळते.

वय काढायचं कसं?

त्या काळातल्या बाईच्या जन्माची तारीख सापडणं अवघड. सरकारी जन्मनोंदणीचा १८८६ चा कायदा ऐच्छिक होता. नोंदणी देशभर सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. म्हणून आजूबाजूच्या आकड्यांवरून हिशेब मांडावा लागतो. कॉमर्सवाल्याला हे काम जमतं, कारण एक आकडा दुसऱ्याशी जुळवून बघायची सवय असते.

अनंतशास्त्री वारले १८७४ मध्ये, वय ७८. म्हणजे जन्म १७९६ च्या सुमाराचा. लग्नाच्या वेळी त्यांचं वय ४४ सांगितलं आहे, म्हणजे लग्न साधारण १८४० चं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, म्हणजे तिचा जन्म १८३१ च्या आसपासचा. रमाबाईंचा जन्म एप्रिल १८५८ चा, तेव्हा आई सत्तावीस वर्षांच्या. रमाबाई सहा मुलांतल्या शेवटच्या, आणि त्यांतली तीनच मोठी झाली: कृष्णाबाई, श्रीनिवास आणि रमाबाई. सत्ताविसाव्या वर्षी सहावं मूल, हे त्या काळाशी जुळतं. लक्ष्मीबाईही १८७४ मध्येच गेल्या, म्हणजे त्रेचाळीसच्या आसपास.

एकाही ठिकाणी थेट तारीख नसताना जन्म, लग्न आणि मृत्यू, तिन्हींचा अंदाज मिळाला. घरी हेच करा. नवऱ्याचं वय, थोरल्या मुलाचा जन्म, एखाद्या मुंजीचं किंवा लग्नाचं वर्ष, असे दोन-तीन पक्के आकडे धरले की बाईचं वय दोन-चार वर्षांच्या फरकाने निघतं. काढलेल्या आकड्यापुढे 'सुमारे' हा शब्द लिहायला मात्र विसरू नका. पुढच्या पिढीत 'सुमारे' गळतं आणि अंदाजाची नोंद होऊन बसते.

ऐकीव आकडा नकाशावर ठेवून बघा

मुलीला माहेरापासून जवळपास ९०० मैलांवर नेलं, असं पुस्तकात आहे. ९०० मैल म्हणजे साडेचौदाशे किलोमीटरच्या आसपास. अनंतशास्त्री कारकळजवळच्या माळ गावचे. आजचा उडुपी जिल्हा, जिथे चित्पावनांची जुनी वस्ती आहे. गोदावरीकाठचं नाशिक धरा किंवा पैठण धरा, तिथून कारकळ सरळ रेषेत सातशे-आठशे किलोमीटर भरतं. वाटेचे वळसे धरले तरी ९०० मैल जास्तच होतात.

म्हणून हकीकत खोटी ठरत नाही. नऊ वर्षांच्या मुलीने पायी तुडवलेली वाट होती ती. आईने मुलीला सांगताना आणि मुलीने परदेशी वाचकाला सांगताना ती लांबली असेल, यात नवल नाही. घरच्या हकीकतींत अंतर, जमिनीचे एकर आणि दुष्काळाची वर्षं यांचा आकडा हमखास वाढतो. आकडा नकाशावर तपासायचा, आणि तो का वाढला असेल तेही टिपून ठेवायचं.

गंगामूळ

अनंतशास्त्री तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकत होते. पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवायला शास्त्रीबुवा जात. बाई संस्कृत वाचते हे बघून या विद्यार्थ्याने ठरवलं की आपल्या बायकोलाही शिकवायचं. पहिल्या बायकोच्या बाबतीत ते जमलं नाही. तिच्यानंतर लक्ष्मीबाई आल्या. घरच्या वडीलधाऱ्यांनी पुन्हा विरोध केला. तेव्हा अनंतशास्त्री या लहान मुलीला घेऊन सह्याद्रीत गंगामूळला गेले. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती यांचा उगम तिथलाच मानतात. दाट जंगल, जवळपास वस्ती नाही.

पहिल्या रात्रीची आठवण बॉडलींच्या प्रस्तावनेत आहे. निवारा नव्हता. मध्यरात्री दरीच्या पलीकडे वाघ येऊन ओरडू लागला. मुलगी पासोडीत गुरफटून जमिनीवर पडून राहिली, भीतीने थरथरत. नवरा उजाडेपर्यंत पहाऱ्याला बसला.

आता या नोंदीत 'पासोडी' हा शब्द बघा. इंग्रजी मजकुरात तो मराठीच ठेवलेला आहे. असा एखादा घरगुती शब्द जसाच्या तसा आला की ओळखावं, ही आठवण त्या घरातून तोंडी चालत आलेली आहे. जिने ती रात्र काढली, तिनेच ती मुलांना सांगितली असणार. लक्ष्मीबाईंचा आवाज कागदावर इतक्या जवळून क्वचितच ऐकू येतो.

त्याच रानात घर उभं राहिलं. विद्यार्थी येऊ लागले. जागा तीर्थाची म्हणून यात्रेकरूही येत. येईल त्याला जेवू घालायचं, ही घराची रीत. संसार बाईंच्या अंगावर, आणि संसार सांभाळून धडे चालू.

जिच्यामुळे सभा भरली, तिचं नाव नाही

ही बातमी बाहेर गेली तशी कुरबुर सुरू झाली. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे अनंतशास्त्र्यांना जाब द्यावा लागला: बायकोला देववाणी का शिकवता? त्यांनी शास्त्रांतले आधार काढून दाखवले. वेदांना हात न लावता पुराण-साहित्य शिकायला बायकांना हरकत नाही, असं सभेने मानलं आणि त्यांना वाळीत टाकलं नाही. रमाबाईंनी हे १९०७ च्या आपल्या 'टेस्टिमनी' या आत्मकथनात सांगितलं आहे.

हा सगळा वाद लक्ष्मीबाईंच्या शिक्षणाचा, आणि बोलणारे सगळे पुरुष. जुन्या कागदांत असं वारंवार होतं. भाऊबंदकीची तक्रार, दत्तकाचा अर्ज, वतनाचा वाद, यांत भांडणारे पुरुष असतात आणि भांडणाच्या मुळाशी एखादी विधवा किंवा बहीण असते. आपल्या घरच्या जुन्या दाव्याचे कागद असतील तर वादी-प्रतिवादीची नावं वाचून थांबू नका. आतल्या मजकुरात 'मयताची बायको' कोण आहे ते शोधा.

रानातून खाली

पाहुणचार आणि कर्ज यांनी घर बसलं. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब गंगामूळ सोडून निघालं. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगर उतरवलं. तिथून पुढे सोळा वर्षं तीर्थामागून तीर्थ पायी. देवळात, धर्मशाळेत पुराण सांगायचं आणि ऐकणारे जे देतील त्यावर राहायचं.

लक्ष्मीबाईंचं खरं काम या वर्षांत झालं. नवरा वृद्ध झालेला, तेव्हा धाकटीला शिकवायचं त्यांनी अंगावर घेतलं. रमाबाई आठ वर्षांच्या असल्यापासून पंधरा वर्षांच्या होईपर्यंत आईच शिकवत होत्या. पहाटे झोपेतल्या मुलीला लाडीगोडीने उठवायचं आणि पाखरं बोलायच्या वेळी पाठ म्हणून घ्यायचे. पुस्तक हाती नाही, आई म्हणेल ते मुलीने म्हणायचं. पुढे दुसऱ्याच्या मदतीशिवाय आपली आपण शिकू शकू इतकी तयारी आईने करून घेतली, असं रमाबाई म्हणतात. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या विद्येची वाहवा केली, ती अशी रस्त्यावर तयार झाली होती.

शेवट, आणि दुष्काळाचं वर्ष

१८७४ मध्ये उपासमारीत आधी वडील गेले, काही काळाने आई, आणि मग थोरली बहीण कृष्णाबाई. आईच्या शेवटच्या दिवसांत रमाबाई शेजारच्या एका बाईंकडे खायला मागायला गेल्या. मागायची सवय नव्हती, तोंडातून शब्द निघेना. त्या बाईंनी बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. आईला तो खाता आला नाही. स्मशान तीन मैलांवर होतं. उचलायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ, आणि चौथा खांदा रमाबाईंचा. उंची कमी म्हणून त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला.

तपासण्यासारखी एक गोष्ट इथेही आहे. दक्षिणेतला सरकारी दप्तरात गाजलेला मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा. ही मरणं त्याच्या दोन वर्षं आधीची. घरात 'दुष्काळात गेली' असं सांगतात म्हणून गॅझेटियरमधलं मोठ्या दुष्काळाचं वर्ष चिकटवलं, तर चूक होते. भूक सरकारी नोंदीच्या आधीही येते. आधी घरच्या माणसांच्या वयांवरून वर्ष काढायचं, सरकारी वर्ष नंतर शेजारी ठेवायचं.

कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं?

कागद वाचताना हा प्रश्न सोडायचा नाही. १८८७ चं पुस्तक अमेरिकी वाचकांसाठी होतं. भारतातल्या विधवांच्या शाळेसाठी त्यांची मदत हवी होती, म्हणून त्यात बालविवाहावर भर आहे. १९०७ चं आत्मकथन ख्रिस्ती वाचकांसाठी आहे, म्हणून त्यात आईवडिलांच्या जुन्या श्रद्धेकडे बघण्याची नजर वेगळी आहे. घटना तीच, पण उजेड वेगळ्या बाजूने पडलेला. दोन्हींत सारखं काय येतं ते पक्कं धरावं: शिकवणं, चालणं, भूक आणि आईबद्दलची माया. आपल्या घरातही जमिनीच्या दाव्यात लिहिलेली वंशावळ आणि लग्नाच्या वेळी सांगितलेली वंशावळ यांत फरक असतो. त्याचं कारण हेच.

आता आपल्या घरचं: कुठे बघायचं?

*आधी जुनी हद्द ओळखा.* आजचं राज्य बघून कागद सापडत नाहीत. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कन्नड हे मुंबई इलाख्यात होते. कारकळ मद्रास इलाख्यात. बीदर, कलबुर्गी, रायचूर आणि सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात. वडोदरा गायकवाडांचं, इंदूर होळकरांचं, ग्वाल्हेर शिंद्यांचं, आणि गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा. खापरपणजी ज्या गावी नांदली ते गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होतं, त्यावर कागद कुठल्या दप्तरात आणि कुठल्या लिपीत असेल हे ठरतं. मुंबई इलाख्याचे कागद मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारांत, गोव्याचे पणजीत.

*दोन नावं शोधा.* लग्नात नाव बदलायची आपली रीत. माहेरची गंगा सासरी राधाबाई होते. माहेरच्या कागदात एक बाई नाहीशी होते आणि सासरच्या कागदात दुसरीच उगवते. दोन्ही नावं एका ओळीत लिहिलेली मिळाली तर मोठं काम झालं.

*कुलवृत्तान्त.* अनेक घराण्यांचे छापलेले कुलवृत्तान्त आहेत. आपल्या घराण्याचा बघतोच, पण पणजीच्या माहेरच्या घराण्याचाही बघा. तिथे 'कन्या' म्हणून तिचं माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव मिळण्याची शक्यता असते.

*तीर्थोपाध्यांच्या वह्या.* नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण, काशी, प्रयाग, गया. यात्रेला गेलेल्यांची नावं घराण्यानुसार आणि गावानुसार या वह्यांत असतात. जाताना मूळ गाव आणि जुनं आडनाव विचारून जा. तिकडे आजच्या पत्त्याचा उपयोग नाही.

*श्राद्धाचा संकल्प.* वडिलांच्या बाजूचे तीन पुरुष म्हणतात तसं माता, पितामही, प्रपितामही असंही म्हटलं जातं. ज्या घरांत हे चालत आलं आहे तिथे तीन पिढ्यांच्या बायकांची नावं कोणाच्या तरी तोंडपाठ असतात. ती लिहून घ्या.

*भांडी.* माळ्यावरची पितळी पातेली, तांब्याचे हंडे आणि परात खाली काढा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं दिसतील. कोणी दिलं, कोणाला दिलं, कधीकधी सालही. मोडीत घालण्याआधी प्रत्येक नावाचा फोटो काढा. कितीतरी बायकांच्या हयातीचा हा एकच लेखी पुरावा असतो.

*गोव्याचं वेगळेपण.* पोर्तुगीज दिवाणी कायद्यामुळे नवराबायकोची मालमत्ता सामाईक, त्यात बायकोचा निम्मा हिस्सा. त्यामुळे विक्रीच्या कागदांवर बायकोचंही नाव येतं, आणि मृत्यूनंतरच्या इन्व्हेंटरीत वारस म्हणून मुली येतात. सीमेच्या अलीकडच्या घरांपेक्षा तिथे बाईचा माग सोपा जातो. बेळगाव-खानापूरकडच्या ज्या घरांची सोयरीक गोव्यात आहे, त्यांनी तिकडून सुरुवात करावी.

*मोडीचं ओझं वाटून घ्या.* ट्रंकेतला सगळा मोडी कागद वाचून घेणं महाग पडतं. आधी सगळ्याचे फोटो काढा. मग जाणकाराकडून फक्त तारीख, गाव आणि नावं, एवढंच प्रत्येक कागदाचं वाचून घ्या. ज्यात बाईचं नाव आहे तेवढेच पूर्ण वाचा.

हे नुसतं हौसेचं काम नाही

वारसाची नोंद करायला गेलं की नाडकचेरीत वंशवृक्ष मागतात. घरात बसून तो लिहिताना पहिली गळते ती लग्न होऊन गेलेली बहीण, आणि तिच्या आधी आत्या. कधी ठरवून, कधी 'तिचं काय एवढं' म्हणून. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. वंशवृक्षातून गाळलेलं नाव पुढे कोर्टात उभं राहतं आणि मग भावाबहिणीचं बोलणं बंद होतं. आजीचं नाव विसरण्याची जी सवय, तीच बहिणीचं नाव गाळते.

लक्ष्मीबाईंना जमीन राहिली नाही, घर राहिलं नाही, स्वतःच्या हातचा कागदही आपल्यासमोर नाही. त्यांची लेक लिहिती झाली आणि पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा तिने पहिल्या पानावर आईचं पूर्ण नाव घातलं, म्हणून आज आपण त्यांच्याबद्दल बोलतो. प्रत्येक घरात रमाबाई नसतात. पण वही प्रत्येक घरात असते.

या दिवाळीला किंवा मेच्या सुट्टीला घरची वडीलधारी बाई भेटेल तेव्हा तिला पाचच गोष्टी विचारा: तुझ्या आईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, तिचं गाव, तिच्या आईचं नाव, आणि तिच्याबद्दल ऐकलेली एक तरी गोष्ट. ती बोलेल तसंच लिहा, तिचे शब्द बदलू नका. खाली तारीख घाला आणि सांगणारीचं नावही पूर्ण लिहा, माहेरच्या नावासकट.